मागचेच टाका

मला घाटाची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. माझी मुलगी मैथिली चिखलदऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारी ती अमरावतीला घरी येते आणि सोमवारी सकाळी सातला आपली जुनी पांढरी गाडी काढून परत वर जाते. तीन वर्षं झाली. दर सोमवारी तिचा ‘पोचले’ असा मेसेज येईपर्यंत माझ्या घशाखाली घोट उतरत नाही. आमचे हे, म्हणजे उद्धवराव, म्हणतात, “अनुपमा, घाट तिच्या वाट्याचा आहे, तू इथे बसून का चढतेस?” वकिलाला बोलायला काय जातं!

यंदा डिसेंबरात अवकाळी आला. दोन दिवस नुसती झिमझिम, वर घाटात धुकं. रविवारी मैथिली पेपर तपासत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “आई, दोन टायर बदलायचेत. गजेंद्रदादा गाडी न्यायला येतोय. त्याला सांग, मागचेच टाक. ओल्या रस्त्यावर तेच चांगले होते.”

कळलं मला. दोन वर्षांपूर्वी चारही टायर घेतले होते, तेच पुन्हा. पण नुसता निरोप देऊन मला चैन पडणार होतं थोडीच! गजेंद्र गाडी न्यायला आला तेव्हा मीही त्याच्याबरोबर दुकानात गेले.

गजेंद्र माझा विद्यार्थी. आठवीत शुद्धलेखनाच्या पायी मी त्याला किती वेळा बाकावर उभं केलं असेल, देव जाणे. आज त्याचं राजापेठेकडे टायरचं दुकान आहे, पोट सुटलंय, केस गेलेत, पण मला पाहिलं की अजून शर्टाचं वरचं बटण लावतो. त्यानं खुर्ची पुसून दिली आणि तीन टायर माझ्यापुढे उभे केले.

“हे पाहा बाई. हे कडक रबर हाय. साल-दोन साल जास्त चालते, पन वल्ल्या रोडवर भरोसा नाई. हे नरम. हे लवकर घासते, पन रोड धरून ठेवते. अन् या तिसऱ्याच्या नाल्या पाहा कशा खोल हायेत, पानी बाहेर फेकते.”

“आमचे साहेब म्हणत होते, थंडीचे वेगळे टायर मिळतात.”

“ते बर्फाचे बाई! चिखलदऱ्यात बर्फ कुठी पडते? आपल्याले दव अन् धुक्यापुरतं पायजे.” तो हसला आणि लगेच हसू आवरलं. मग त्यानं माझं बोट धरून नालीत घातलं. आत रबराचा बारीकसा उंचवटा लागला. “टायर घासत घासत याच्या बरोबरीत आलं, का समजा संपलं. मंग ते पान्यावर तरंगते. स्टेरिंग फिरवा नाई तं काई करा, गाडी आयकत नाई.”

मला पुढचं ऐकवेना. मला लवकर तिथून निघायचं होतं. मी म्हटलं, “मागचेच टाक.”

“मागचेच?” तो घुटमळला. “पन बाई, समोरचे—”

“समोरचे नकोत,” मी त्या तीन टायरांकडे हात करून म्हटलं. “एकदा सांगितलं ना? मागचेच.”

“हो बाई,” गजेंद्र म्हणाला आणि कामाला लागला.

नव्या टायरांवर जुन्याच कंपनीचं नाव होतं. ते मी चष्मा लावून वाचलं आणि निर्धास्त झाले. काढलेले दोन टायर मी मागून घेतले, अंगणात माती भरून त्यात शेवंती लावायची म्हणून.

सोमवारी सातला मैथिली गेली. पाऊस होताच. पाऊण तासानं मी छत्री घेऊन अंगणात आले. आडवे टायर ढकलताना सहज, खरंच सहज, त्यांच्या नालीत बोट घातलं.

बोट आत गेलं. चांगलं नखभर आत. तळाचा उंचवटा लागला, पण कुठल्या कुठे खोल. दुसऱ्या टायरचंही तेच. हे टायर संपलेले नव्हतेच.

मग संपलेले कुठे होते?

छत्री कधी हातातून सुटली ते कळलं नाही. मी म्हटलं ‘मागचेच’, म्हणजे मागच्या वेळचेच. गजेंद्रनं ऐकलं, मागच्या चाकांचेच; कंपनी त्यानं आपल्या मनानं जुनीच ठेवली. तो ‘समोरचे’ म्हणत होता पुढच्या चाकांना, आपल्या वऱ्हाडात म्हणतात तसं. आणि मला वाटलं, माझ्यासमोर मांडलेले. बत्तीस वर्षं पोरांना मराठी शिकवली मी. मागचे चांगले टायर काढून तिथे नवे बसवले गेले होते, आणि पुढचे गुळगुळीत तसेच घेऊन माझी लेक घाटाकडे निघाली होती.

फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही शपथ मीच घातली होती तिला. ह्यांनी आपल्या फोनवरून लावला. सातदा. मेसेजही टाकले, पण ते कोण वाचणार?

गजेंद्रला फोन केला तेव्हा माझ्या तोंडून धड वाक्य निघेना. त्याला मात्र लगेच समजलं. “म्या इचारत होतो बाई,” एवढंच म्हणाला. मग एकदम आवाज बदलून, “तुमी तयार राहा. दोन रिमा हायेत दुकानात, त्यावर ते टायर चढवू. घाटाखाली चंद्रभान पंक्चरवाला हाय, त्याले गाडी अडवाले सांगतो.”

अर्ध्या तासात तो छोटी मालगाडी घेऊन दारात आला, टायर आणि मला घेऊन दुकानात गेला आणि ते रिमांवर चढवू लागला. मी पुढच्या सीटवर बसून वाट पाहत होते. तेवढ्या वेळात मी सगळ्या देवांना साकडं घातलं, अंबादेवीपासून सुरुवात करून. मग निघालो; परतवाड्याच्या अलीकडे चंद्रभानचा फोन आला. गजेंद्रनं ऐकून घेतलं आणि फोन खिशात ठेवला.

“काय म्हणतो?”

“रेंज नव्हती म्हन्ते त्याले. मॅसेज आता भेटला.” तो रस्त्याकडेच पाहत होता. “पांढरी गाडी एका घंट्याआधी वर गेली.”

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. घाट सुरू झाला आणि धुक्यानं काच भरली. प्रत्येक वळणाला मी आधी कठडा पाहत होते, कुठे तुटलाय का. कठडा शाबूत दिसला की श्वास घ्यायचा, पुढच्या वळणाला पुन्हा कोंडायचा. गजेंद्रला हळू चालव म्हणत होते आणि जोरात चालवत का नाहीस म्हणूनही ओरडत होते. तो दोन्हीला “हो बाई” म्हणत होता.

सहाव्या की सातव्या वळणावर पांढरं काहीतरी दिसलं. गाडी डोंगराच्या बाजूच्या नालीत तोंड खुपसून तिरकी उभी होती. शेजारच्या दगडावर मैथिली बसली होती, ओढणी डोक्यावरून घेऊन, रेंज नसलेला फोन हातात धरून. मी धावले, चिखलात एकदा पडले, उठले आणि तिला हात लावून पाहिलं. डोकं, खांदे, गुडघे. सगळं जागच्या जागी होतं.

ती रडत नव्हती. दात मात्र थडथड वाजत होते. “आई, वळण आलं, मी स्टीअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच गेली. नवे टायर असून सरळ गेली. समोरून एस.टी. येत होती. कशी चुकली माहीत नाही.” तिनं आपले तळवे पाहिले. “माझे हातच बरोबर नाहीत गं. मला येतं असं उगाच वाटायचं. मी आता घाटात गाडी चालवणार नाही. खालच्या शाळेत बदली मागते.”

तिनं किल्ली गजेंद्रपुढे धरली. “दादा, तूच चालव.”

गजेंद्रनं किल्ली घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. “ताई, चूक तं माह्यी—” त्यानं सुरुवात केली.

मी खोटं कशाला बोलू? त्या क्षणी माझ्या मनात आलं, गप्प बसावं. बदली झाली तर सोमवार संपला, घाट संपला, माझी भीती संपली. तीन वर्षं मी देवाकडे दुसरं काय मागत होते? पोर खाली राहील, जिवंत राहील, फक्त स्वतःच्या हातांना घाबरत राहील.

“तुझे हात बरोबर आहेत,” मी म्हटलं. “त्याचंही काही चुकलं नाही. तो सांगत होता, मी ऐकलं नाही. नवे मागे बसलेत, पुढचे तेच जुने आहेत. जा, हात लावून पाहा.”

मैथिली उठली. नालीत वाकून तिनं पुढच्या चाकावरून तळवा फिरवला, दुसऱ्या चाकावरूनही. बराच वेळ ती तशीच वाकलेली राहिली. मग सरळ होऊन माझ्याकडे पाहिलं. असं तिनं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

मागून आलेल्या जीपवाल्यांनी आणि गजेंद्रनं गाडी ओढून काढली. जॅक लावून पुढची दोन्ही चाकं बदलली. गजेंद्र दार उघडून चालवायला बसणार तोच मैथिलीनं हात पुढे केला. त्यानं किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली.

मी तिच्या शेजारी बसले. चिखलदरा येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. प्रत्येक वळणाला माझा जीव जात होता आणि प्रत्येक वळणाला ती स्टीअरिंग फिरवत होती, हळू, बेतानं, संतापानं ओठ घट्ट मिटून. गाडी वळत होती.