जिथे कोणी बसत नाही

‘‘सर, या सगळ्यात चांगल्या इमारतीत सगळ्यात वाईट जागा कुठली?’’

प्रश्न माझा नव्हता. म्हणजे तोंड माझं, पण डोकं माझ्या मैत्रिणीचं, चष्मिसचं. बसच्या मागच्या सीटवर पैज लागली होती. विचारलंस तर माझं जांभळं पेन तुझं, नाही विचारलंस तर आठवडाभर माझा डबा तू धुवायचा. गेल्या वर्षीची मी असते तर मुकाट्याने डबा धुतला असता. तेव्हा हजेरी देतानासुद्धा माझा आवाज बाकाखाली लपायचा. पण यंदा वक्तृत्वाचा चषक घरी आला, आणि तेव्हापासून माझ्या तोंडाला लावायचं कुलूप कुणाच्याच घरी सापडत नाही.

त्यात गंमत अशी की ज्यांना मी एवढ्या अदबीने ‘सर’ म्हणत होते, ते माझे सख्खे बाबा होते.

वर्ग फिस्सकन हसला. विज्ञानाच्या मॅडमनी डोळे वटारले. बाबा मात्र असे खूश झाले, जणू त्यांना कुणी हा प्रश्न विचारावा म्हणून ते जन्मभर थांबले होते.

बाबांचं काम म्हणजे इमारतींना परीक्षेला बसवायचं. फ्रिजवर चांदण्या छापलेल्या असतात ना, तसं ऑफिसांच्या इमारतींसाठी एक हिरवं पर्यावरणचिन्ह निघणार होतं. ते कुणाला द्यायचं, कुणाला नाही, याचे निकष त्यांचं खातं कितीतरी वर्षं लिहीत होतं. वीज किती खाते, पाणी किती पिते, बांधताना राडारोडा कुठे टाकला, आणि आत बसणाऱ्या माणसांना हवा-उजेड मिळतो की नाही. यातलं शेवटचं प्रकरण बाबांचं. खात्यात त्यांना साहेब-बिहेब कुणी म्हणत नाही. खिडकीकाका म्हणतात.

लोक खिशात कंगवा ठेवतात, बाबा मीटर ठेवतात. माणसांनी सोडलेल्या श्वासाने खोलीतली हवा किती कोंदली आहे, ते त्यावर दिसतं. आकडा हिरवा असला तर बरं, पिवळा झाला तर सावध, लाल झाला तर खिडकी उघडा. डॉक्टरकडे गेलो तरी बाबा आधी ते टेबलावर ठेवणार, मग सर्दीचं सांगणार. आत्या म्हणते, ‘‘लग्नाच्या हॉलमध्ये याने आधी मीटर काढलं आणि मग नवरीकडे बघितलं.’’

आणि ही आमची सहलीची इमारत म्हणजे चाचणीची पहिली इमारत. कच्चे निकष आधी हिलाच लावून पाहिले होते. ही झकास पास झाली होती. उद्या जाहीर सुनावणी झाली, की निकष पक्के.

माझ्यासाठी आणखी एक कारण होतं. याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आईचं ऑफिस. विमा कंपनीची जुनी कागदपत्रं ती स्कॅन करते. खिडकीजवळचं टेबल, बाहेर झाडाचा शेंडा. मी सगळ्या मैत्रिणींना बजावून ठेवलं होतं, तिसऱ्या मजल्यावर जरा नीट चाला, तिथे माझी आई बसते. पण सकाळी निघताना आई म्हणाली होती, ‘‘आज मला शोधत बसू नका हं. कामाचा ढीग आहे.’’ आणि खरंच, तिच्या टेबलाच्या जागी एक गुबगुबीत सोफा होता आणि एक मोठी कुंडी. बाबा क्षणभर तिथे घुटमळले. ‘‘जागा बदललेली दिसतेय,’’ असं पुटपुटले आणि पुढे निघाले. तेवढ्यात मी प्रश्न टाकला होता.

‘‘उत्तम प्रश्न,’’ बाबा म्हणाले. ‘‘पहिल्या मसुद्यात आम्ही इथेच फसलो होतो. सगळ्या इमारतीच्या हवेची सरासरी घ्यायचो. मग बिल्डर काय करायचे? भली मोठी हवेशीर लॉबी बांधायची, ऐसपैस जिने काढायचे, आणि माणसं कोंबायची मधल्या कोंडवाड्यात. सरासरी एकदम फर्स्ट क्लास! कागदावर सगळे मजेत, आत सगळे जांभया देतायत.’’

पोरं हसली. बाबांना विनोद जमला की ते स्वतः लाजतात, तसे लाजले.

‘‘म्हणून मी एक व्याख्या घातली. माणूस जिथे रोज बसतो, तेवढीच जागा मोजायची. लॉबी नाही, जिना नाही, साठवणीच्या खोल्या नाहीत. लबाडीला वावच नको. तर मग, सगळ्यात वाईट जागा? चला, दाखवतो. तळघरात साठवणीच्या खोल्या आहेत. तिथली हवा वाईटच असते. पण तिथे कोणी बसत नाही, म्हणून चालतं.’’

आम्ही जिना उतरलो. खाली पाइप, पंपांची घरघर, रंगाचे रिकामे डबे. एका दारावर पाटी होती, ‘साठवण’. बाबांनी जादूगार रुमाल उचलतो तसं ते दार उघडलं.

आत तीन टेबलं होती. तीन मशिनं. छतापर्यंत खोकी, मध्ये एकच ट्यूबलाइट. ओल्या पुठ्ठ्याचा आणि गरम प्लास्टिकचा वास नाकात शिरला. तीन बायका काम करत होत्या, आणि मधली माझी आई होती.

आईने आधी बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मान खाली घातली आणि पुढचा कागद मशिनवर सरळ केला. शाळेची कुठली तरी सहल आली आहे, आपल्याला काय, अशी.

चष्मिस आमच्या घरी शंभरदा आलेली. ‘‘अगं, ही तर तुझी...’’ ती कुजबुजली. मी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचा शब्द ती गिळूनच गेली.

वर्गातल्या लांबडीला मात्र काही ठाऊक नव्हतं. ती मागून टाचा उंच करून ओरडली, ‘‘सर, इथे तर बसलेत की! लावा ना मीटर!’’

बाबांचा हात खिशाकडे गेला. तिथेच राहिला.

‘‘हे... हे तात्पुरतं आहे,’’ ते म्हणाले. मग झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार लावतात तितक्या हळू त्यांनी ते दार लावलं.

पुढे गच्चीवर सौर पॅनल होते, पावसाचं पाणी साठवायची टाकी होती. बाबांनी सगळं दाखवलं. काय सांगितलं ते मला एक अक्षर आठवत नाही. बसमध्ये चष्मिसने जांभळं पेन पुढे केलं.

‘‘ठेव तुझ्याकडे,’’ मी म्हणाले.

‘‘देवाशप्पथ, मला माहीत नव्हतं गं.’’

‘‘मला तरी कुठे होतं?’’

संध्याकाळी आई आली. आल्या आल्या बूट न काढता गॅलरीत जाऊन बसली. गेले कित्येक महिने ती असंच करते. मी चिडवायचे, ‘‘महाराणी आल्या, चहा आणा!’’ बाबा म्हणायचे, थकत असेल, पाणी दे. तिचं डोकं दुखतं हे आम्हाला माहीत होतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवून टाकलं होतं. आज दारातून तिची पाठ पाहिली. खांदे वर जात होते, खाली येत होते. ती आराम करत नव्हती. ती हवा घेत होती.

बाबा येऊन गॅलरीच्या उंबऱ्यात उभे राहिले.

‘‘कधीपासून?’’

‘‘हिची यंदाची शाळा सुरू झाली तेव्हापासून,’’ आई न वळता म्हणाली.

‘‘आणि मला सांगितलं नाहीस.’’

‘‘काय सांगायचं? मॅनेजर म्हणाला, तपासणी आहे. मजल्यावर माणसं जास्त झाली की आकडा चढतो. खालची खोली नकाशात साठवण आहे, ती मोजत नाहीत. थोडे दिवस ॲडजस्ट करा.’’

‘‘मोजत नाहीत,’’ बाबा म्हणाले. ‘‘हो. मीच लिहिलंय ते.’’

ते मटकन गॅलरीतल्या स्टुलावर बसले. ‘‘तपासणीच्या दिवशी वरचे मजले दुसऱ्यांनी मोजले, मी खाली त्या दारापर्यंत गेलो होतो. बरोबरचा माणूस म्हणाला, आत बघायचंय का? मी म्हटलं, साठवण ना, पुढे चला. तू आत होतीस?’’

‘‘होते. तुझा आवाज ऐकू आला.’’

‘‘मग हाक का नाही मारलीस?’’

‘‘वेडा आहेस का? तेव्हा तू जेवायचास कसा, आठवतंय? ओट्यापाशी उभ्याने, एका हातात घास आणि दुसऱ्या हातात ती तुझी निकषांची कलमं. जमलं, जमलं, म्हणत होतास. त्यात मी काय सांगू, की तुझ्या कलमाखाली मी बसलेय?’’

 खालून कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजत राहिला.

मग मी तोंड घातलं. आमच्या घरात शांतता फार वेळ टिकत नाही, त्याला जबाबदार मीच. ‘‘मग उद्या सुनावणीत सांगून टाका ना! व्याख्या चुकली, बदला. सोप्पं तर आहे.’’

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चंद्रावर किराणा दुकान टाकायचं म्हणाले.

‘‘व्याख्या बदलली की सगळा मसुदा परत हरकतींसाठी मागे जातो,’’ बाबा म्हणाले. ‘‘बिल्डरांची माणसं त्याचीच वाट बघतायत. एकदा मागे गेलेला मसुदा परत वर येताना मी पाहिलेला नाही. म्हणजे ना हवा, ना उजेड, ना चिन्ह. आणि सांगणार कोण? मी. म्हणतील, बायकोला खिडकी पाहिजे म्हणून याने सगळं अडवलं.’’

‘‘आणि मला खालून वर नाही नेणार,’’ आई म्हणाली, ‘‘थेट बाहेर. माझ्याबरोबर त्या दोघींनाही. त्यांनी काय घोडं मारलंय कुणाचं? होऊ दे पास. वरच्या मजल्यांवरची माणसं तरी सुखाने श्वास घेतील. पुढच्या वर्षी दुरुस्ती कर.’’

‘‘पुढच्या वर्षी,’’ बाबा म्हणाले. इतका रिकामा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

त्यांनी खिशातून मीटर काढलं आणि कठड्यावर ठेवलं. नेहमी ते आकडा दिसेल असं ठेवतात. आज उपडं ठेवलं.

‘‘ती पोरगी म्हणाली, लावा ना मीटर. आणि मी लावलं नाही. असं कधी झालं नव्हतं.’’

‘‘बरं केलंस,’’ आई म्हणाली. आता ती वळली होती. ‘‘तुझा चेहरा तो आकडा बघताना कसा झाला असता, ते मला बघवलं नसतं.’’

तिने हात लांब करून बाबांच्या शर्टाच्या बाहीवरचा तळघरातला चुना झटकला. बाबांनी तो हात धरला नाही, सोडवूनही घेतला नाही.

मी स्वयंपाकघरात आले. पाणी प्यायचं निमित्त, खरं तर रडू लपवायचं होतं. फ्रिजच्या दारावर सुनावणीची जाहिरात चिकटवलेली होती. बाबांनी मोठ्या कौतुकाने लावली होती ती. शेवटची ओळ होती : ‘कोणालाही प्रश्न विचारता येईल. वयाची अट नाही.’ त्या ओळीसाठी ते खात्यात महिनाभर भांडले होते. मी तेव्हा विचारलं होतं, पोरं कशाला येतील तुमच्या त्या रटाळ सुनावणीला? ते म्हणाले होते, ‘‘अगं, या इमारतींत उद्या कोण बसणार आहे? तुम्हीच ना?’’

मी ग्लास ठेवला. चेहरा धुतला. गॅलरीत परत आले तेव्हा दोघं होते तसेच होते, फक्त अंधारून आलं होतं आणि आईने बूट काढले होते.

‘‘मी आईचं नाव घेणार नाही,’’ मी म्हणाले. ‘‘इमारतीचंही नाही. एवढंच विचारणार, ज्या दारावर साठवण लिहिलंय, ते दार तपासणीत उघडून बघायचं की नाही?’’

‘‘कुठे विचारणार?’’ आईने दचकून विचारलं. मग तिला कळलं. ‘‘काही गरज नाही. चषक मिळाला म्हणून जिथे तिथे...’’

‘‘तू कुणाची मुलगी आहेस, ते तिथे सगळ्यांना माहीत आहे,’’ बाबा म्हणाले.

‘‘असू दे. मग तुम्हालाच विचारीन. सर म्हणून.’’

‘‘आणि मी काय उत्तर देऊ?’’

ते मला विचारत होते. खरंच विचारत होते. वक्तृत्वाच्या स्पर्धेत समोर परीक्षक असतात, त्यांना उत्तर माहीत असतं. बाबांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आईची नोकरी, त्या दोघींची नोकरी, बाबांची एवढी वर्षं, सगळं त्या कठड्यावर उपड्या मीटरशेजारी ठेवल्यासारखं वाटत होतं. जरा धक्का लागला तर खाली.

‘‘तुला परत कुणी पैज लावलीय का?’’ आईने विचारलं. तिचा आवाज चिडका नव्हता. घाबरलेला होता.

‘‘नाही गं.’’

मी मीटर उचललं, सुलटं केलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. आकडा हिरवा होता. आई त्याच्याकडे पाहत राहिली.

‘‘आई, बाबा,’’ मी म्हणाले, आणि माझा आवाज फाटला. चषकवाला नव्हता तो, जुनाच होता, बाकाखालचा. तरी मी थांबले नाही. ‘‘उद्या मी शाळेत जाणार नाही. सुनावणीला येणार आहे. प्रश्न विचारणार आहे, आणि तुम्ही उत्तर देईपर्यंत तिथे उभी राहणार आहे.’’