चार बोटं उघडी खिडकी

देवांगराव जावई म्हणून लाखात एक, पण त्या पुस्तिकेपायी त्यांचं डोकं फिरलंय, असं शैलजाताईंचं स्पष्ट मत होतं. अमेरिकेत शॉमबर्ग गावातल्या ज्या विमा कंपनीत ते नोकरीला होते, तिनं शंभरेक वर्षांपूर्वी ती छापली होती. स्वच्छता पाळा, आयुष्य वाढवा, अशी चळवळच तेव्हा तिकडे चालली होती म्हणे. माश्या मारा, दुसऱ्याच्या पेल्यातून पिऊ नका, बाळाचा मुका घेऊ नका आणि कडाक्याच्या थंडीतही खिडकी उघडी ठेवून झोपा. एवढी अक्कल शिकवायला पुस्तिका हवी कशाला! पण देवांगरावांनी ती पाठच केली होती. घरात त्यांची लेक रुपाली बारा दिवसांची बाळंतीण, बाहेर बर्फ, आणि तिच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडी.

"आई, फ्रेश एअर मस्ट आहे. बेसिक हायजीन आहे हे," ते म्हणायचे.

"बाळंतिणीला वारा लागला तर जन्माचं दुखणं होतं, देवांगराव."

शुक्रवारी दुपारी ते तळघरात मीटिंगला बसले आणि शैलजाताईंनी डाव साधला. खिडकी लावली, दाराखाली टॉवेल कोंबला. गॅरेजमधला बार्बेक्यूचा कोळसा कढईत फुलवून त्यांनी ती रुपालीच्या पलंगाशी शेकायला ठेवली. नागपूरला त्यांची स्वतःची दोन बाळंतपणं अशीच शेकली गेली होती. तिथं कौलांतून वारा खेळायचा, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. पॅसेजमधला धूर-गॅसचा अलार्म मेला फोडणी दिली की कोकलायचा, म्हणून त्याच्यावर त्यांनी आल्या दिवसापासून शॉवर कॅप चढवली होती.

तासाभरानं त्या अळिवाची खीर घेऊन आल्या. "रुपू, ऊठ गं."

रुपाली उठली नाही. हलवलं तर मान एका बाजूला कलंडली. पाळण्यातली इशिताही गप्प होती. खीर सांडली. बाळ उचलून त्या देवांगरावांच्या नावानं किंचाळत अनवाणी बर्फात धावल्या. ज्या वाऱ्याची त्यांना धास्ती होती, त्याच वाऱ्यात नात छातीशी धरून त्या म्हणत होत्या, "रड गं बाई, रड!"

देवांगरावांनी रुपालीला ओढत अंगणात आणलं. अँब्युलन्स आली. हातात विषारी वायू मोजायचं मीटर घेतलेल्या एका माणसानं विचारलं, घरात काय जळत होतं?

"नथिंग. आम्ही काहीच जाळत नाही," देवांगराव म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक!

इथं मुलं काढून नेतात, आजीला तुरुंगात टाकतात, असं मराठी मंडळातल्या बायकांकडून शैलजाताईंनी ऐकलं होतं. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पण त्या माणसाची नजर बाळाच्या ओठांवर होती; कारण कळल्याशिवाय त्याला उपाय करता येईना.

"कोल," त्या कशाबशा म्हणाल्या. "आय बर्न. इन रूम. विंडो क्लोज. मी केलं."

मग सगळ्यांची धावपळ झाली, दोघींच्या तोंडावर ऑक्सिजन लागला. गाडीत इशिता रडली, आणि शैलजाताईही.

चार दिवसांनी सगळे घरी आले. कुणी शैलजाताईंना एका शब्दानंही दोष दिला नाही. रुपालीला आंघोळीला जायचं होतं. तिनं बाळ पुढे केलं. "आई, धर ना हिला."

शैलजाताईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "देवांगरावांना दे," त्या म्हणाल्या. "मला भीती वाटते गं."