विरूपाक्षप्पांचा नाण्यांचा पूल

उदगीरला चौबाऱ्याजवळ विरूपाक्षप्पांचं किराणा दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते पंखा बंद करत, गल्ल्यातली नाणी पाटावर ओतत आणि एकावर एक रचायला लागत. तळाला रुपये आणि आठाणे, वर तीन पैशाची षटकोनी, मग दहा पैशाची झालरीच्या काठाची. असे दोन खांब उभे राहिले की दोन्हींवरून एकेक नाणं नखभर पुढे सरकवायचं, मागे वजन ठेवायचं, आणि मधोमध पूल जोडायचा. शेवटचं नाणं ठेवताना श्वाससुद्धा धरून बसायचं. रस्त्यानं जाणारे बघायला थांबत. घर दुकानाच्या मागेच होतं. पण त्यांची बायको गौरम्मा दहा वर्षांत एकदाही ते बघायला आली नव्हती.

हा नाद त्यांना बहात्तरच्या दुष्काळात लागला, रत्ना गेल्यावर.

रत्ना त्यांची एकुलती एक पोर, आठ वर्षांची. त्या उन्हाळ्यात गौरम्मा बाळंतीण भावजयीसाठी निलंग्याला गेली होती. टँकर दोन दिवस फिरकला नाही. घरात थेंब उरला नाही तेव्हा विरूपाक्षप्पांनी गावाबाहेरच्या दगडखाणीतलं पाणी दोन घागरी भरून आणलं. फडक्यानं गाळलं. उकळायला हवं होतं, पण दुकान उघडायची घाई होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला उलट्या-जुलाब लागले, आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच तिनं प्राण सोडला. निरोप मिळून गौरम्मा पोचली तेव्हा रत्नाला लिंगायतांच्या रीतीप्रमाणं विभूती लावून, भिंतीला टेकवून बसवलेलं होतं.

"कशानं हो? कशानं झालं?" तिनं विचारलं.

"गावात साथ हाय," ते म्हणाले. साथ होतीच. पाण्याचं ते बोलले नाहीत.

माती देऊन आल्यावर त्यांनी दुकान उघडलं, तर हात थरथरत होते. गिऱ्हाइकाचे सुटे पैसे खाली सांडले. ते गोळा करून त्यांनी सहज एकावर एक ठेवले. तेवढ्या वेळापुरते हात थांबले. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच केलं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. उदगीर तालुका उस्मानाबादेतून निघून लातुरात आला. त्या हिवाळ्यात लातूरला नव्या जिल्ह्यातल्या हौशी लोकांच्या छंदांचं प्रदर्शन भरलं. तहसील कचेरीतले मार्तंडराव रोजचे गिऱ्हाईक. त्यांनी विरूपाक्षप्पांचं नाव परस्पर देऊन टाकलं. घरी सांगितल्यावर गौरम्मा म्हणाली, "मी बी येते." विरूपाक्षप्पांना खरंच वाटेना.

मंडपात त्यांना एक टेबल मिळालं. दुपारपर्यंत दोन्ही खांब हातभर उंच झाले. माणसं जेवायला पांगली. गौरम्मा शेजारच्या खुर्चीवर बसून होती.

"हे करताना काय वाटतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"काहीच वाटत न्हाई. म्हणून तर करतो."

"आणि एरवी काय वाटतं?"

त्यांनी हातातलं नाणं टेबलावर ठेवलं.

"गौरम्मा, ते पाणी मी खाणीतून आणलं होतं. उकळलं न्हाई मी."

"ठाऊक हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"शेजारच्या पार्वतीबाईनं. त्याच आठवड्यात. घागरी आणताना बघितलं होतं तिनं."

"मग बोलली का न्हाईस? दहा वर्षं झाली!"

"मी बोलले असते तर भांडण झालं असतं. तुम्ही बोलला असता तर दोघं मिळून रडलो असतो." ती उठून उभी राहिली. "माझी पोर गेली आणि मी एकटीच रडले. तुम्ही इकडं नाणी रचत बसला. मी निलंग्याला चालले, भावाकडं."

"पाण्यामुळं राग आला का?"

"पाणी कुणीबी आणलं असतं. घरात थेंब नव्हता. माझा राग ह्या दहा वर्षांचा हाय."

ती स्टँडच्या दिशेनं निघून गेली. विरूपाक्षप्पांनी अर्धा पूल तसाच मोडला, नाणी पिशवीत भरली आणि मार्तंडरावांना तब्येतीचं कारण सांगून एकटेच उदगीरला परतले.

बारा दिवस त्यांनी कसेतरी काढले. तेराव्या दिवशी दुकान बंद ठेवून ते निलंग्याला गेले. गौरम्मा अंगणात तूर निवडत होती. ते तिच्यासमोर जमिनीवरच बसले. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. पण एकदम हुंदकाच फुटला. एवढा मोठा की भावजयीनं घाबरून पोरांना आत नेलं.

गौरम्मानं त्यांना पोटभर रडू दिलं. मग सूप बाजूला ठेवलं.

"अठरा वर्षांची झाली असती आता रत्ना," ती म्हणाली. "नाक तुमचं होतं तिला."

"आवाज तुझा."

"हाव. लई मोठ्यानं बोलायची."

ऊन कलेपर्यंत ते दोघं तिच्याबद्दलच बोलत बसले. त्या दिवशी गौरम्मा त्यांच्यासोबत आली नाही. शिवरात्र झाल्यावर आली, आपली आपण, एसटीनं.

त्यानंतर घरात रत्नाचं नाव निघायला लागलं. बहुतेक वेळा जेवतानाच निघायचं, आणि निघालं की दोघांपैकी एकाचं ताट अर्धंच राहायचं.