दादूची सलाईन

काशीने सलाईनची नळी चिमटीत धरली आणि थेंब बंद केले.

"उठा."

बाकावर आडवा पडलेल्या महिपतने डोळेही उघडले नाहीत. "अर्धी राहिलीय गो. संपू दे."

"तीन महिने गोळ्या गिळून कावीळ घालवली, ती कशापायी? परत आणायला?"

खरे तर ती साधी कावीळ नव्हतीच. हिपॅटायटीस सी. रत्नागिरीच्या सरकारी इस्पितळात समुपदेशक मनस्वी मॅडमनी नीट समजावले होते. हा रोग रक्तातून पसरतो. एचआयव्ही असलेल्याचे यकृत तर लवकरच पोखरतो. औषधाने बरा होतो, पण वापरलेली सुई टोचून घेतली की पुन्हा होऊ शकतो. महिपतने शहाण्यासारखी मान डोलावली होती. सुई कुठे घेता असे विचारल्यावर मात्र तो छताकडे बघत बसला. गावात सुई-सलाईन लावणाऱ्या दादूचे नाव काशीलाच सांगावे लागले.

महिपत मुंबईची नोकरी सोडून आला, तेव्हापासून दोघांचा एचआयव्ही त्यांनी गावापासून लपवला होता. ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून औषधाला मंडणगड सोडून पार रत्नागिरी गाठायची, आणि विचारलेच कुणी तर साखरेच्या आजाराच्या गोळ्या म्हणून सांगायचे. इतके सांभाळून आज हा माणूस पुन्हा एसटी थांब्यामागच्या या खोलीत येऊन पडला होता.

"वैनी, ताकदीची बाटली हाय ती," दादू म्हणाला आणि त्याने महिपतच्या कपाळावर तळवा ठेवला. तो पूर्वी मुंबईत कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होता. इथे डॉक्टर झाला होता.

"सुई नवी काढलीस?"

"गरम पाण्यात असतात सगळ्या."

काशी नवऱ्याकडे वळली. "किती येळा सांगायचं तुमाला? किती येळा?"

"तो हात लावतो गो," महिपत हळूच म्हणाला. "काय झालंय ते न इचारता."

काशी अधिकच चिडली. तिने स्वतःच सुईला हात घातला, तसा दादूने पुटपुटत ती काढून कोपऱ्यातल्या स्टीलच्या वाडग्यात टाकली. मग दाराकडे बघून पुढच्या पेशंटला हाक मारली.

शेजारच्या वाडीतली वैष्णवी आत आली. खांद्यावर तापाने लाल झालेली सानवी. दादूने त्याच वाडग्यातून एक सुई उचलली.

"वैष्णवी, नको. मंडणगडला सरकारी दवाखान्यात ने पोरीला."

"का ओ काकी? काका तर दर हप्त्याला येतात इथं."

"म्हणून तर सांगते. सुईनंच कावीळ झाली त्यांना."

दादू हसला. "सुईची कावीळ! पिवळा तरी झाला काय हा कधी?"

वैष्णवीलाही हसू आले. ती पोरीची बाही वर सरकवू लागली. महिपत काशीकडे बघत होता. त्याने अगदी हळू मान हलवली. नको.

"आमा दोघांना एचआयव्ही हाय," काशी म्हणाली. "त्या वाडग्यात आत्ता यांचीच सुई पडली. आता टोच."

दादूचा हात होता तिथेच थांबला. मग त्याने तो पँटला पुसला, एकदा, पुन्हा एकदा. महिपतने ते पाहिले. तो उठला आणि हातातून येणारे रक्त आपल्याच अंगठ्याने दाबत बाहेर गेला.

दोघे थांब्यावरच्या बाकड्यावर जाऊन बसले.

"झालं समाधान?" महिपत म्हणाला. "आता गावात तोंड कुठं दाखवायचं?"

"हाय तेच दाखवायचं. दुसरं कुठनं आणू?"

तेवढ्यात सानवीला घेऊन वैष्णवी आली आणि चार हात अंतरावर उभी राहिली. काशीने पदर घट्ट ओढून घेतला. आता काय ऐकावे लागणार ते ऐकायची तिने तयारी केली.

"मंडणगडची गाडी गेली?"

"नाय. येईल."

वैष्णवीने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतले. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "गणपतीत हिला इथंच सुई दिलेली. मलापण." ती थांबली. "तुमी रत्नागिरीला कधी जाता, काकी?"

काशीने पदर सैल सोडला.

"सोमवारी," ती म्हणाली. मग एकदम नवऱ्यावर खेकसली, "अवो, बाकडं काय इकत घेतलंय? सरा की जरा!"

महिपत सरकला.