नवा स्पंज

"हे तर भावकीतलेच दिसतायत, भाऊजी. चपट्याला चपटे," असं म्हणत मेहुण्याने पाण्याने फुगलेली पिशवी टेबलावर ठेवली. आत दोन एंजल मासे होते, लांब परांचे, तरतरीत.

भाऊजी नुकतेच कामावरून आले होते. दातांच्या एका लॅबमध्ये ते कवळ्या बनवत. कवळी घासताना समोर बोलणारं तोंड नसतं, म्हणून ते काम त्यांना मानवलं होतं. हॉलमधल्या मोठ्या टाकीतले ताटलीसारखे चपटे डिस्कस मासे त्यांनी नाण्याएवढे असताना आणले होते आणि रोज पाणी बदलून तळहाताएवढे केले होते. त्यांच्यात एंजल चालणार नाहीत, हे त्यांना सांगायचं होतं. दिसायला सारखे असले तरी एंजल दांडगे. खाणं पडलं की तुटून पडतात. डिस्कस आधी लांबून बघतात, विचार करतात, तोवर घास संपलेला असतो. शिवाय एंजलांचे रोग यांना बाधतात. सोबतीला लहान, शांत, गरम पाणी सोसणारे मासे हवेत. भाऊजींनी हे सगळं सांगितलंही, पण नेहमीसारखं, शेवटचं वाक्य घशातच ठेवून.

"म्हणजे मासेसुद्धा तुम्हाला तुमच्यासारखेच हवेत," मेहुणा म्हणाला.

स्वयंपाकघरात बायको हसली. बाळने एवढ्या हौसेने आणलेत, राहू देत की, असं तिचं म्हणणं पडलं.

हा बाळ पन्नाशीचा होता. बायकोचा धाकटा भाऊ. कारखाना बंद पडला तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून आला आणि राहिला. यंत्रांवर आयुष्य गेलेला माणूस, स्वस्थ बसणं त्याला ठाऊक नव्हतं. बिघडलेला पंखा त्याने दुरुस्त केला, मग न बिघडलेलाही. मागे एकदा टाकीची काच साफ राहावी म्हणून त्याने एक सकर मासा आणला होता. त्या सकरने काच सोडली आणि तो डिस्कसच्याच अंगाला चिकटून ओरबाडू लागला. भाऊजींनी तो गुपचूप दुकानदाराला देऊन टाकला आणि घरी मेला म्हणून सांगितलं. मेहुण्याला इतकं वाईट वाटलं, की तो लगेच दुसरा आणायला निघाला होता.

एंजलांची रवानगी बादलीत झाली. भाऊजींना वाद नको होता, कारण त्यांचं सगळं लक्ष झोपायच्या खोलीतल्या छोट्या टाकीकडे होतं.

तिथे डिस्कसची एक जोडी वेगळी ठेवली होती. दोनदा त्या जोडीने आपलीच अंडी खाल्ली होती. या वेळी मात्र पिल्लं निघाली, सुटून पोहूही लागली. या पिल्लांना सुरुवातीला बाहेरचं खाणं चालत नाही. आईबापांच्या अंगावर बुळबुळीत थर सुटतो, तोच त्यांचा घास. त्या दिवसांत आईबाप अंगाने काळवंडतात, आणि पिल्लांना एवढंच कळतं, की काळं दिसेल ते आपलं. आई दमली की अंगाला झटका देते आणि सगळा थवा बापाकडे जातो. भाऊजींनी हे पुस्तकात वाचलं होतं. पण आपल्या टाकीत असं काही घडेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्यांचा चहा हातातच गार झाला.

दुसऱ्या दिवशी निघताना ते मेहुण्याला म्हणाले, "त्या छोट्या टाकीचं तेवढं... म्हणजे, राहू द्या तशीच."

"काळजीच सोडा, भाऊजी."

हे ऐकून ते दारातच घुटमळले. तरी ते कामावर गेले.

संध्याकाळी मेहुणा दारातच उभा होता. बूटही काढू न देता त्याने त्यांना टाकीपुढे नेलं. फिल्टरचा जुना पांढरा स्पंज फार मळला होता, म्हणून त्याने स्वतः बाजारात जाऊन नवा आणून बसवला होता. चांगला मोठा, काळाभोर.

"बघा, पोरांना कसा आवडलाय. आई नको की बाप नको. सकाळपासून चिकटून बसलीत."

सगळी पिल्लं त्या स्पंजवर होती आणि त्याला चोची मारल्यासारखी टोचत होती. तिथे खायला काहीच नव्हतं. काही तळाशी आडवी झाली होती. आई जवळ येऊन झटके देत होती. तिच्या अंगावर एकही पिल्लू नव्हतं. मेहुणा फोनमध्ये फोटो काढत होता.

"उपाशी मरतायत ती," भाऊजी म्हणाले. "काळं दिसलं म्हणून तिकडे गेलीत. त्यांना वाटतंय ती आईच आहे."

"मग काढतो की," म्हणत मेहुण्याने बाही सरकवली आणि सरळ पाण्यात हात घातला. पिल्लं उधळली.

"हात बाहेर काढ," भाऊजी म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "या घरात एक तरी गोष्ट राहू दे, जिला तू सुधारणार नाहीस."

बायको दाराशी येऊन उभी राहिली. मेहुण्याने हात काढला, शर्टाला पुसला आणि तिच्या शेजारून निघून गेला.

"मासेच होते ना," ती हळूच म्हणाली आणि त्याच्यामागे गेली.

भाऊजींनी स्पंज अलगद वर घेतला. नळीने पाणी खाली आणलं, इतकं की मोठ्यांच्या पाठी जेमतेम बुडतील आणि पिल्लांना फार शोधावं लागणार नाही. थोड्या पिल्लांना बाप सापडला. बाकीच्यांच्यात तेवढं त्राण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बापाच्या कुशीला बोटांवर मोजण्याइतकी पिल्लं होती. आई अजून काळीच होती आणि मधूनमधून झटका देत होती.

मेहुणा एंजल परत करून आला होता. जेवताना त्याने मीठ घेऊ का म्हणून विचारलं. बायकोने भाऊजींकडे बघितलंही नाही. काल बोललो ते खरं होतं, एवढं भाऊजींना नक्की माहीत होतं. पण जे बोलायला चार वर्षं लागली ते नेमकं त्याच्या आनंदाच्या वेळी तोंडून निघावं, याचाच त्यांना राग येत होता, आणि तो राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

दुपारी ते टाकीपाशी बसले होते, तेव्हा दारातून आवाज आला.

"भाऊजी, बघू का जरा?"

"विचारता काय. या ना."

तो आत आला, पण टाकीपर्यंत नाही. भाऊजी उठले आणि आपली खुर्ची त्यांनी त्याच्याकडे सरकवली. तो बसला नाही. भिंतीशी उभा राहून, दोन्ही हात पाठीमागे धरून, तो मान पुढे काढून लांबूनच पिल्लं बघत राहिला.