फक्त लेखकाला दिसणारी हरकत

पूर्वीने हरकत मंगळवारी नोंदवली. नेऱ्याजवळ गाढी नदीच्या काठी 'गिरिकुंज' नावाची फार्महाउस योजना होती आणि २०११ साली तिचा स्वतःचा फोरम होता. पूर्वीच्या वडिलांनी योजनेला जमीन विकताना एक प्लॉट ठेवून घेतला होता, त्यामुळे घरात सभासदत्व होते आणि फोरमचा पासवर्डही.

कमिटीची सूचना अशी होती: योजनेतून नदीकडच्या शेतांना जाणाऱ्या पायवाटेवर गेट बसवून कुलूप लावण्यात येईल. हरकत असल्यास रविवारपर्यंत फोरमवर लिहावे. कोणी न लिहिल्यास सर्वांची संमती समजण्यात येईल.

त्या वाटेने गावातल्या बायका वालाच्या शेंगांच्या पाट्या घेऊन सकाळी येत आणि पनवेलच्या बाजाराला जाणारी रिक्षा धरत. गेट झाले तर डोक्यावर ओझे घेऊन डांबरी रस्त्याने मोठा वळसा. पूर्वीने लिहिले की वाट योजनेच्या आधीची आहे, जमीन देताना ती खुली राहील असे ठरले होते, आणि ती बंद करायला तिची हरकत आहे. 'सबमिट' दाबले. थोड्या वेळाने पोस्ट पानावर आली.

संध्याकाळी पूर्वीची आई कमळाबाई चार बायकांना घेऊन संगणकापाशी आली.

"लिवलंस ना बराबर?" शेजारच्या शकूने विचारले.

"हे काय, समोर दिसतंय."

"आनि कोनी उत्तर नाय दिला?"

"अजून नाही."

"लाज वाटली आसंल मुंबयवाल्यांना," शकू म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

पुढचे चार दिवस कोणी ना कोणी ती पोस्ट बघून गेले. निम्म्या गावाने ती पाहिली, आणि प्रत्येकाने पूर्वीच्याच लॉगिनमधून. उत्तर आले नाही, पण पोस्ट जागेवर होती. रविवार गेला.

सोमवारी पूर्वी पळस्प्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामावर असताना आईचा फोन आला. "वाटंवर खड्डे खनतान गो. खांब आनून टाकलेत."

शेजारच्या टेबलावर नशरा बसायची. तिच्या चाचांचा, जमालभाईंचा, 'गिरिकुंज'मध्ये प्लॉट होता आणि त्यांचे लॉगिन तीच सांभाळायची. तिने फोरम उघडला.

"पूर्वी, तुझी पोस्ट कुठाय?"

"गेटच्या सूचनेखाली बघ."

"सूचनेखाली काहीच नाही. खुदा की कसम, कोरं पान आहे."

पूर्वीने स्वतःच्या संगणकावर लॉगिन केले. पोस्ट होती. दोघींनी दोन पडदे शेजारी ठेवून पाहिले. पान तेच, सूचना तीच. एकीकडे हरकत, दुसरीकडे मोकळी जागा.

"गायब केली गं तुझी," नशरा म्हणाली. "आणि तुला कळू पण दिलं नाही."

पूर्वीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. "फोन जवळ ठेव," ती नशराला म्हणाली, "आणि ते पान बंद करू नकोस."

योजनेच्या ऑफिसात सेक्रेटरी दीनानाथ बसले होते. बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला सौम्य. फोरमवर येणाऱ्या पोस्ट तेच तपासत.

"तुमची पोस्ट?" ते म्हणाले. "मी स्वतः मंजूर केलीय, मॅडम. हे बघा." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. पोस्ट तिथेही होती.

"मग बाकीच्यांना का दिसत नाही?"

"दिसत असणारच."

पूर्वीने नशराला फोन लावून स्पीकर चालू केला. "काय दिसतंय?"

"सूचना. तिच्याखाली ठणठणाट," नशराचा आवाज आला.

दीनानाथांनी चष्मा पुसला. पूर्वी म्हणाली, "मंजूर करताना तुम्ही काय करता, ते मला करून दाखवा."

त्यांनी दाखवले. पोस्टच्या शेजारी एक छोटी चौकट होती, तिच्या खाली हिरवे 'ओके'. ते दर वेळी थेट 'ओके' दाबत. चौकटीत बारीक अक्षरात 'ऑथर ओन्ली' लिहिलेले होते. बाणावर टिचकी मारल्यावर खाली दुसरा पर्याय उघडला: 'ऑल मेंबर्स'.

"म्हणजे मी 'ओके' म्हटलं ते..."

"ज्याने लिहिलं त्यालाच दाखवायला. म्हणजे मला, आणि तपासणारे म्हणून तुम्हाला."

"पण कमिटीच्या पोस्ट तर सगळ्यांना दिसतात!"

"त्या तपासायला तुमच्याकडे येतच नसतील."

दीनानाथ पडद्याकडे वाकले. मग त्यांनी मंजूर पोस्टची यादी उघडली. गेटच्या सूचनेखाली पूर्वीच्या हरकतीबरोबर आणखी काही हरकती होत्या. ठाण्याच्या एका डॉक्टरबाईंनी लिहिले होते की गावाची वाट अडवणे बरे दिसत नाही. एका गृहस्थाने दोनदा लिहून विचारले होते की कोणी उत्तर का देत नाही. स्वतः जमालभाईंच्या नावानेही दोन ओळी होत्या.

"अगं, ते चाचांनी माझ्या नकळत लिहिलं असेल," नशरा फोनवर म्हणाली. "पण मग मला दिसायला हवं ना? लॉगिन त्यांचंच आहे."

"तो त्यांचा दुसरा आयडी आहे. पासवर्ड विसरले म्हणून नवीन काढून घेतला," दीनानाथ म्हणाले.

"तरीच!"

दीनानाथ पूर्वीकडे वळले. "मॅडम, चूक झाली, मान्य. पण मुदत कालच संपली. तुम्ही असं करा, ही काढून टाका आणि नव्याने लिहा. पुढच्या मीटिंगला घेऊ."

"नव्याने लिहिली तर तिच्यावर आजची तारीख पडेल," पूर्वी म्हणाली. "माझी हरकत मंगळवारची आहे. मी ती काढणार नाही आणि परत लिहिणारही नाही. तुम्ही चौकट बदला."

"इतकं ताणू नका."

"खड्डे कोण खणतंय, काका?"

त्यांनी चौकट बदलली. मग दुसऱ्या पोस्टची, तिसऱ्या पोस्टची. फोनवर नशरा मोठ्याने वाचू लागली. "आली तुझी! डॉक्टरबाईंची आली... चाचांची पण आली, 'वाट गाववालों की है' लिहिलंय, मराठीत सुरू करून हिंदीत संपवलंय!"

काही वेळाने दीनानाथांचा मोबाइल वाजला. चेअरमन धर्मराजशेठ होते, आवाज टेबलापलीकडेही ऐकू येत होता. "हे काय चाललंय फोरमवर? ताबडतोब होतं तसं करा. उद्या गेट उभं राहिलं पाहिजे."

दीनानाथांनी माउस हातात घेतला. बाण चौकटीपाशी नेला.

पूर्वीने खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी, पडद्यासमोर बसली.

"बदला," ती म्हणाली. "मी अडवत नाही. पण काका, आठवडाभर तुम्हाला ठाऊक नव्हतं ती चौकट काय करते. आता ठाऊक आहे. आणि मला ठाऊक आहे, आणि फोनवर नशरा आहे. आता दाबलंत तर चूक झाली म्हणता येणार नाही."

"सेक्रेटरी, ऐकताय ना?" मोबाइलमधून आवाज आला.

दीनानाथांनी माउस सोडला. "शेठ," ते म्हणाले, "हरकती मुदतीत आलेल्या आहेत. तारखा समोर आहेत. लपवायच्या असतील तर तुम्ही येऊन लपवा, मी करणार नाही." धर्मराजशेठ आणखी काही बोलत असतानाच दीनानाथांनी फोन ठेवून दिला. मग दोन बोटांनी सावकाश टाइप केले: 'हरकती आल्याने गेटचे काम थांबवण्यात येत आहे. सेक्रेटरी.' ते कमिटीचे असल्याने ती सूचना लगेच सगळ्यांना दिसली.

"प्रिंट द्या एक," पूर्वी म्हणाली.

तो कागद घेऊन ती वाटेवर गेली तेव्हा दुसरा खड्डा गुडघाभर झाला होता. तिने मुकादमाच्या हातात कागद दिला. त्याने तो वाचला, खिशात घातला आणि माणसांना म्हणाला, "वर या."

"आनि ह्ये खड्डे?" खड्ड्यापाशी उभ्या असलेल्या कमळाबाईने विचारले.

"बुजवायला कोणी सांगितलं नाही, बाई."

"मी सांगते," पूर्वी म्हणाली, आणि पहिले फावडे तिनेच उचलले.