यंत्राचा श्वास

दुपारच्या बातम्या ऐन रंगात आल्या असताना टीव्ही गप्प झाला, पडद्यावर मुंग्या नाचल्या आणि लगेच पुन्हा चित्र आलं. हे रोजचंच. तरी मनोरेकाका रोज नव्याने चक्रावत. टेकडीवरच्या प्रक्षेपण केंद्रात त्यांची हयात गेली होती. आधी नुसता रेडिओ, मग टीव्ही. 'निघालो, ताट वाढ' हे बायकोला कळवायला जेवायच्या वेळी क्षणभर प्रक्षेपण बंद करायचं, ही त्यांचीच चोरटी युक्ती. तेव्हा घरात फोन कुठला? पण काका निवृत्त होऊन जमाना झाला. मग आता कोण कोणाला निरोप धाडतंय?

काकू मात्र लगबगीने उठल्या. हल्ली त्यांना माणसं ओळखू येत नसत. ताट वाढून त्या समोर बसलेल्या काकांना म्हणाल्या, "बसा हं पाहुणे. हे निघालेत, येतीलच एवढ्यात."

"अगं, मीच तो!"

"काहीतरीच काय!"

त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. अन्न निवलं, पण 'हे' आल्याशिवाय घास घेईनात. दिवसेंदिवस त्या वाळत चालल्या होत्या. काकांना रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी काका तरातरा टेकडी चढले. नव्या ऑपरेटरने वेळ होताच बटण दाबलं, जरा थांबून पुन्हा दाबलं.

"हे कशाला रे?"

"यंत्राला श्वास घ्यायला, काका. नाहीतर तापतं म्हणे. आधीच्या साहेबांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी."

काकांना हसावं की रडावं कळेना. तक्रार तरी कोणाची करणार? आपलेच दात, आपलेच ओठ. "काही तापत-बिपत नाही. उद्यापासून बंद कर," एवढंच बोलून ते उतरले.

काकू दारातच होत्या. त्यांनी काकांना खालवर न्याहाळलं.

"आज केवढा उशीर! हात धुवा, केव्हाचं वाढलंय."

काका उंबऱ्यातच थिजले. कालचा पाहुणा आज नवरा कसा झाला? त्यांनी वळून टेकडीच्या वाटेकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोघं पोटभर जेवले.

सकाळी काका धापा टाकत पुन्हा केंद्रात हजर.

"कालचं विसर, बाबा. यंत्राला श्वास हवाच."

"पण काका, तुम्हीच तर..."

"म्हातारा झालोय, चुकलो."

ऑपरेटर डोकं खाजवत राहिला. काका दुपारपर्यंत तिथेच खुर्ची अडवून बसले. बटण दाबलं गेलं तसे उठले आणि चपला शोधू लागले.

"निघतो रे. घरी ताट वाढलं असेल."